तासाला तेरा किलोमीटर

कागदावर अट एवढीच होती: पूर्ण भार घेऊन, शांत पाण्यात, लाँचचा वेग तासाला तेरा किलोमीटरपेक्षा कमी नसावा. एका ओळीची अट. त्या ओळीला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी ती माझ्या अंगातून गेलेली नाही. रस्त्यानं जाताना मी अजून दोन खांबांमधले सेकंद मोजतो. घरची माणसं म्हणतात, जरा सावकाश चला. सावकाश चालणं मला कधीच जमलं नाही, आणि त्या वर्षानंतर तर बसणंही जमेनासं झालं.

माझा जन्म जामखेडकडच्या कोरड्या गावातला. तिथं पोहायला येणारा माणूस शोधावा लागायचा, कारण पोहण्याएवढं पाणीच नव्हतं. मी इंजिनं शिकलो. आधी दुसऱ्याच्या हाताखाली, मग श्रीरामपूरला स्वतःच्या दुकानात. विहिरीवरची जुनी डिझेल इंजिनं विकत घ्यायची, उघडायची, नीट करायची आणि विकायची. बाकी मला एक गोष्ट येत होती, ती म्हणजे बोलणं. समोरचा माणूस ‘नाही’ म्हणाला की माझं काम सुरू व्हायचं. तापट म्हणून बाजारात माझी ख्याती होती, पण तापटपणाचाही मी उपयोग करून घ्यायचो. अर्धा राग खरा असायचा, अर्धा सौद्यासाठी.

संगमनेरपलीकडच्या अकोल्याच्या डोंगरातल्या एका धरणावर मी इंजिन विकायला गेलो होतो. तिथं कळलं की पलीकडच्या काठावरच्या वाड्यांसाठी पाटबंधारे खातं मोटार लाँच चालवायचा परवाना देणार आहे. पलीकडच्या लोकांना बाजाराला, दवाखान्याला यायचं तर डोंगराला वळसा घालून अर्धा दिवस चालावं लागायचं. पाण्यावरून तेच अंतर अर्ध्या तासाचं. परवाना तीन वर्षांचा. लाँच ज्याची त्यानं आणायची, आणि चाचणीत तेरा किलोमीटरला उतरली तर परवाना त्याचा.

मी दुकान विकलं. मित्रांनी वेड्यात काढलं, म्हणून आणखी लवकर विकलं. कोकणातल्या एका खाडीवर पस्तीस फुटी लाकडी लाँच पडून होती, ती घेतली. इंजिन स्वतः उघडून पाहिलं, ते बरं होतं. ट्रकवर घालून तिला घाटानं वर आणली. वाटेत प्रत्येक गावात लोक ट्रकमागं धावत यायचे आणि विचारायचे, हे काय न्हेताय? मी सांगायचो, नाव. ते म्हणायचे, पाणी कुठाय? बहात्तर सालचा दिवाळीनंतरचा काळ होता तो. पाऊस दगा देऊन गेला होता आणि रस्त्यांच्या कडेला दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत बसलेली असायची. त्यांच्यामधून मी लाँच घेऊन चाललो होतो. आता विचार केला की हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

लाँचबरोबर तांडेल आला. तांडेल म्हणजे नाव चालवणारा मुख्य माणूस. साठीच्या जवळचा, बुटका, पायांत थोडा बाक असलेला. सगळं आयुष्य मालाच्या जहाजांवर आणि किनाऱ्याच्या गलबतांवर गेलेलं. बोलायचा फार कमी. मला कमी बोलणारा माणूस आवडत नाही. त्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही, आणि जे कळत नाही त्याच्याशी सौदा करता येत नाही. पहिल्याच दिवशी मी त्याला सांगून टाकलं, “हे बघा मामा, सुकाणू तुमचं, बोलणं माझं. साहेब आले, पावणे आले, कुणी आलं तरी तुम्ही गप्प राहायचं.”

“बरं शेट,” तो म्हणाला. एवढंच.

लाँच पाण्यात उतरवली त्या दिवशी मी विचारलं, “आपली किती पळते ते कसं कळायचं? हिला मोटारीसारखा काटा नाही.”

त्यानं पेटीतून दोरीचं भेंडोळं काढलं. दोरीच्या टोकाला लाकडाची तिकोनी फळी, तिच्या एका कडेला शिसं ठोकलेलं, म्हणजे ती पाण्यात उभी राहावी. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. दोन्ही हात पसरले की एक वाव होतो, तसे आठ वाव मोजून एकेक गाठ मारलेली. लाँच पूर्ण वेगात असताना त्यानं ती फळी मागच्या टोकावरून पाण्यात सोडली. फळी जिथं पडली तिथंच पाण्याला धरून उभी राहिली, आम्ही पुढं निघालो, आणि दोरी त्याच्या बोटांतून सुटायला लागली.

“घड्याळ बगा शेट. अठ्ठावीस सेकंद झाले की बोला.”

मी बोललो. त्यानं दोरी आवळली. सात गाठी गेल्या होत्या आणि वर पाव.

“सात नि पाव. जेवढ्या गाठी, तासाला तेवढे समुद्रावरचे मैल. तो मैल तुमच्या रस्त्यावरच्या मैलापेक्षा मोठा. सात गाठी म्हंजे तुमचं तेरा किलोमीटर, धरा. आपण वर हाव.”

मी ती दोरी हातात घेऊन कितीतरी वेळ बघत होतो. एवढी मोठी जहाजं, आणि त्यांचा वेग एका ओल्या दोरीवर! त्यानं सांगितलं की मोठ्या जहाजांवर आता पाण्यात फिरणारा पंखा लावून तबकडीवर आकडा बघतात, पण तो स्वतः दोरीवर शिकला आणि दोरी त्याला खोटं बोललेली नाही.

पुढं लाँच काठावर ओढून तिचा तळ खरवडताना मात्र तो थोडं बोलायचा. तळाला खाडीतले शिंपले चिकटून वाळले होते, दगडासारखे. “हे एवढे शिंपले अर्धी गाठ खातात,” तो म्हणायचा. मी विचारत राहायचो. पाण्यात वेग कशानं कमी होतो ते मला सगळं हवं होतं, कारण जे कमी होऊ शकतं ते आधीच अडवायची माझी पद्धत. तो सांगायचा, समोरून लाट आली की जहाज चढतं आणि पडतं, चाल तेवढीच पण निम्मी वर-खाली वाया जाते. मागून मोठी लाट आली तर जहाज उचललं जातं, पंखा हवेत फिरतो, इंजिन बोंबलतं आणि जहाज जागच्या जागी. ओहोटीच्या ओढीविरुद्ध खाडीत शिरताना दोरीवर सहा गाठी असतात, पण काठावरचं झाड हलत नाही. “दोरी पाण्यातली चाल सांगते,” तो म्हणाला. “काठ जमिनीवरची सांगतो. दोन्ही खरं.”

मला दोन्ही खरं असलेल्या गोष्टी आवडत नाहीत. मी म्हणालो, “साहेब कोणती धरणार?”

“काठाची. ते जमिनीवरचे हायत.”

मग जाऊन येऊन दोन्ही बाजूंनी मोजायचं आणि सरासरी काढायची, म्हणजे वाऱ्याचा फायदा-तोटा फिटतो, हे त्यानंच मला शिकवलं. मी ते पाठ केलं. साहेबाला पटवायला माझ्या हातात हत्यार आलं होतं.

पण चाचणी घ्यायला खात्याचे साहेब येईनात. दोन महिने मी काठावर येरझारा घालत होतो. धरणाचं पाणी रोज खाली चाललं होतं. काठावर चिखलाचे पट्टे उमटत होते, एकाखाली एक. धक्क्याच्या पायऱ्या एकेक उघड्या पडत होत्या आणि मी रोज सकाळी त्या मोजायचो. चौदावी पायरी उघडी पडली त्या दिवशी मी खात्याच्या कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटला. आपटलेला हात निम्मा खरा होता. पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली.

साहेब तरुण होते. बारीक, चष्मेवाले, आवाज कधी न चढवणारे. मी मनात म्हटलं, हा आपल्या हातातला माणूस आहे. चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी ते जागा ठरवायला आले. त्यांच्याबरोबर साखळी, खुंट्या, लाल निशाणं आणि मोजणीची दोन माणसं.

साहेब म्हणाले, “चाळीस माणसांचा भार. चाळीस पोती वाळू भरा, माणशी पासष्ट किलो.”

मी म्हणालो, “साहेब, पासष्ट किलोचा माणूस तुम्हाला ह्या काठावर दिसला का? हे बाबा बघा.” पलीकडच्या वाडीतला एक म्हातारा तिथं उभा होता, त्याला मी दंडाला धरून पुढं ओढलं. “ह्यांचे पासष्ट भरायचे तर ह्यांच्या बैलासकट तोलावं लागेल. वाळू कशाला? खरी माणसं बसवा. जी रोज बसणार तीच.”

म्हातारा म्हणाला, “व्हय सायेब, आमी बसतो. फुकाट हाय ना?”

साहेब हसले. मान्य केलं. पहिला डाव माझा.

मग वेळ. साहेबांना दुपारी सोयीचं होतं. दुपारी पश्चिमेच्या खिंडीतून वारा सुटतो आणि मधल्या पाण्यावर लाटा उठतात. मी म्हणालो, कागदावर ‘शांत पाण्यात’ लिहिलंय, शांत पाणी सकाळी असतं. त्यांनी कागद पाहिला. सकाळी आठ, मान्य. दुसरा डाव माझा.

तिथं मी थांबायला हवं होतं. हे आज लिहितानाही माझी पेन्सिल दाबली जाते. पण समोरचा माणूस मागं सरतोय असं दिसलं की माझे पाय आपोआप पुढं पडतात.

साहेबांनी मोजणीसाठी मधलं पाणी धरलं होतं, धक्क्यापासून पलीकडच्या वाडीच्या दिशेनं. मी म्हणालो, मधे वाऱ्याचा भरवसा नाही. त्यापेक्षा फाट्यात घ्या. डोंगराच्या दोन सोंडांमधून धरणाचं पाणी आत शिरलं होतं, त्याला लोक फाटा म्हणायचे. लांब, सरळ, दोन्ही बाजूंनी आडोसा. पाणी आरशासारखं. वर काठही सरळ, म्हणजे साखळीनं किलोमीटर मोजायला सोपा. मी तासभर बोललो. मोजणीची माणसंही माझ्या बाजूची झाली, कारण त्यांचं काम हलकं होणार होतं.

“तुमची लाँच रोज मधल्या पाण्यातून जाणार आहे,” साहेब म्हणाले.

“अट ‘शांत पाण्यात’ अशी आहे, साहेब. अट मी नाही लिहिली.”

त्यांनी कागद पुन्हा वाचला. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “ठीक आहे. अर्जदाराच्या विनंतीवरून चाचणी फाट्यात. सही करा.”

मी सही केली. खुशीत केली.

संध्याकाळी फाट्याच्या दोन टोकांना लाल निशाणं लागली होती. आम्ही धक्क्यावर इंजिनाचं तेल बदलत होतो. तांडेल कापसाच्या बोळ्यानं हात पुसत म्हणाला, “शेट, फाटा नको.”

“का?”

“पाणी उथळ. पुरुषभर, कुठं थोडं जास्त. तळ ओढतो.”

“आपली लाँच पाण्यात तीन फूट. खाली चांगलं तीन-चार फूट राहतंय की. घासणार थोडीच?”

“घासत नाय. तरी ओढतो.”

मी दोन महिने त्याला वेग कशानं कमी होतो ते विचारत होतो आणि हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. आता सगळं ठरल्यावर, सही झाल्यावर हा सांगतोय! माझं डोकं तापलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला अरुंद पाण्यात वळायची भीती वाटतेय. “मामा,” मी म्हणालो, “सुकाणू तुमचं, बोलणं माझं. विसरलात का?”

“नाय विसरलो,” तो म्हणाला आणि तेलाचा डबा उचलून गेला.

एकदाच. त्यानं मला एकदाच सांगितलं. ज्याच्यावर एखाद्याचं सगळं अवलंबून आहे ते दोनदा सांगावं, तीनदा सांगावं, हात धरून सांगावं. माझ्यासारख्या माणसाला एकदा सांगणं म्हणजे न सांगणंच, हे दोन महिने माझ्याबरोबर राहून त्याला कळलं नव्हतं, असं मी मानत नाही.

सकाळी पलीकडून चाळीस माणसं लाँचनं आणली. बायाही होत्या, एकीनं कोंबडी आणली होती. त्या बाईला पलीकडून अलीकडं आणि परत पलीकडं असं दोन्ही फुकट साधायचं होतं. सगळे सावली बघून मागच्या बाजूला दाटले, त्यांना मी ओरडून ओरडून पुढं-मागं सारखे बसवले. म्हातारा माझ्याजवळ बसला. साहेब काठावर, मोजणीची माणसं निशाणांपाशी, एकाच्या हातात रुमाल. आम्हाला एक किलोमीटर चार मिनिटं सदतीस सेकंदांच्या आत पार करायचा होता. हा आकडा मी स्वतः काढला होता, कागदावर चार वेळा.

इंजिन पूर्ण सोडलं. पहिलं निशाण गेलं, रुमाल पडला.

आणि काय लाट उठली मागं! लाँचचं मागचं टोक खाली बसलं, पुढचं वर उचललं आणि मागून पाण्याची भिंत निघाली. ती दोन्ही काठांवर चढत होती, चिखल ओरबाडून परत येत होती. बाया किंचाळल्या, मग हसायला लागल्या. इंजिन गरजत होतं, धूर काळा. मी उभा राहून हात वर केले. मला वाटलं, हाच वेग! श्रीरामपूरच्या रस्त्यावर मोटार जेवढी धूळ उडवते तेवढी ती जोरात असते, आणि मी पाण्याकडं तशाच डोळ्यांनी बघत होतो. त्या सकाळी मागं वळून तांडेलाचा चेहरा पाहिला असता तर कळलं असतं. मी लाट बघत होतो.

म्हातारा पाण्यात वाकून म्हणाला, “हितं माज्या बापाची खाचरं हुती. सपाट भुई. आता बांध आडवा यील बगा.”

“गप बस की रं,” दुसरा म्हणाला, “बांधावनं कोर्टात ग्येला हुता तुजा बाप, आता पान्यातबी भांडन लावतो का?”

सगळे हसले. मीही हसलो.

दुसरं निशाण. काठावरून आवाज आला, “पाच मिनिटं दहा सेकंद!”

मी ओरडलो, “घड्याळ बघा नीट!”

“पाच दहा!”

“वळवा,” मी तांडेलाला म्हणालो. “परतीला वेळ भरून निघेल.” परतीला पाच चौदा झाले. वारा नव्हता, प्रवाह नव्हता, लाट नव्हती, जी होती ती आमचीच. बोट दाखवायला काहीच शिल्लक नव्हतं. शांत पाण्यासाठी मी एवढा भांडलो होतो आणि मला ते पुरेपूर मिळालं होतं.

काठावर उतरून मी घड्याळावर भांडलो, साखळीवर भांडलो, मोजणीच्या माणसाला म्हणालो की तुझा रुमाल उशिरा पडतो. साहेबांनी शांतपणे साखळी पुन्हा मोजायला लावली. किलोमीटर बरोबर भरला. त्यांनी कागदावर आकडे लिहिले, वर जीपकडं गेले. चाळीस माणसं लाँचमध्ये माझी वाट बघत होती. त्यांना पलीकडं सोडायचं होतं.

फाट्यातून बाहेर पडून मधल्या पाण्याला लागलो आणि लाँच बदलली. मी इंजिनाला हात लावला नव्हता. गरजणं थांबलं, आवाज गोल झाला. पुढचं टोक खाली आलं. मागची भिंत विरघळून एक साधी शेपटी राहिली. तांडेलानं एका माणसाला सुकाणू धरायला दिलं, पेटी उघडली, आणि माझ्याकडं न बघता फळी पाण्यात सोडली.

“घड्याळ बगा.”

मी बघितलं. अठ्ठावीस सेकंदांना साडेसात गाठी गेल्या.

चाळीस माणसं, एक कोंबडी, तेच इंजिन, तोच तास. लाट बारीक आणि वेग जास्त. मी ओरडलो, “परत फिरवा! साहेब जायच्या आत!” लाँच वळली, म्हातारा म्हणाला, “आवं, आमाला पल्याड सोडा की आदी,” बाया कलकलाट करायला लागल्या, मी भोंगा वाजवत राहिलो. धक्क्यावर पोचेपर्यंत जीप वरच्या वळणावर होती. मागं धूळ.

दोन दिवसांनी मी अर्ज घेऊन कचेरीत गेलो. तांडेलाला साक्षीला नेलं, दोरी घेऊन. मी साहेबांना सगळं सांगितलं: तळ जवळ असला की बोटीखालच्या पाण्याला निघून जायला जागा राहत नाही, बोट मागं बसते, स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढत राहते. हे मी दोन दिवसांत तांडेलाकडून ओरबाडून घेतलं होतं. साहेबांना ते पटलं. पटलं काय, त्यांना रस वाटला. म्हणाले, “हो, असं होतं. मी वाचलंय याबद्दल, लक्षात आलं नाही.” दोरी हातात घेऊन त्यांनी गाठींमधलं अंतर बोटांनी चाचपलं. मग माझा अर्ज पुढं ओढला, पेनचं टोपण काढलं. फेरचाचणीची शिफारस लिहायला ते निघाले होते. मी ते पेन बघत होतो.

अर्जात मी लिहिलं होतं की फाट्यातल्या उथळ पाण्याचा हा परिणाम अर्जदारास अगर त्याच्या माणसांस आधी ठाऊक नव्हता. अर्जात माणूस अर्जासारखं लिहितो. साहेबांची नजर त्या ओळीवर थांबली. त्यांनी सहज मान वर केली आणि तांडेलाला विचारलं, “एवढी वर्षं समुद्रावर काढलीत. तुम्हालाही ठाऊक नव्हतं?”

मी तांडेलाकडं पाहिलं. सुकाणू तुमचं, बोलणं माझं. मी डोळ्यांनी जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं.

“ठाव हुतं,” तो म्हणाला. “शेटना सांगितलं हुतं. आदल्या दिवशी.”

साहेबांनी टोपण लावलं. रागावले नाहीत. ते रागावले असते तर मी काही करू शकलो असतो, रागाशी माझी ओळख आहे. ते म्हणाले, “मग हे मी कसं पुढं पाठवू? जागा तुम्ही मागितलीत, सही तुमची आहे, आणि ठाऊकही होतं.”

मी बोललो. अर्धा तास बोललो. पलीकडच्या वाड्यांवर बोललो, डोंगराच्या वळशावर बोललो, दोरी टेबलावर आपटली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं समोरच्याला द्यायला काही नव्हतं, आणि माझं मलाच ऐकू येत होतं की मी नुसता आवाज करतोय. साहेब शेवटी म्हणाले, “पुढच्या वर्षी पुन्हा परवाना निघेल.” पुढच्या वर्षापर्यंत लाँच उन्हात फाटली असती. झालंही तसंच. पुढच्या वर्षी परवाना दुसऱ्याला गेला. माझं इंजिन तोवर एका विहिरीवर पाणी खेचत होतं.

तांडेलाला मी राजूरच्या एसटी थांब्यावर सोडायला गेलो. सोडायला असं म्हणायचं. खरं तर भांडायला. कचेरीतून परतल्यापासून दोन दिवस तो माझ्यासमोर आला नव्हता आणि माझं भांडण अंगात तसंच पडून होतं.

“मामा, मला एकदा सांगितलंत,” मी म्हणालो. “दुसऱ्यांदा सांगायचं होतं ते साहेबाला सांगितलंत. असं का?”

तो पेटीवर बसला होता. “तुमी विचारलं नाय. त्यांनी विचारलं.”

“गप्प बसला असतात तर आज आपण दोघं लाँचवर असतो.”

“व्हय.”

“मग?”

त्यानं बिडी पेटवली. “शेट, लाँचवर रोज चाळीस माणसं. मी ओरडून बोललो असतो, उजवीकडं खडक हाय. तुमी म्हणाला असता, बोलणं माझं. मी परवा कचेरीत गप्प बसलो असतो तर उद्या खडकाला पण गप्प बसलो असतो.”

“खडकाचं वेगळं!”

“पाण्याला वेगळं कळत नाय.”

ह्याला उत्तर होतं. माझ्याजवळ तेव्हाही होतं, आणि पुढं कितीतरी चांगली उत्तरं सापडली. पाण्याला कळत नाही पण माणसाला कळतं. खडक दिसला तर ओरडणं तुमचं काम, पण साहेबाच्या कचेरीत खडक नव्हता, फक्त पेन होतं. शिवाय फाट्याचं तरी तुम्ही ओरडून सांगितलंत का? हे सगळं मी त्याला म्हणायला हवं होतं. पण संगमनेरची गाडी आली, दार उघडलं आणि माणसं दारावर तुटून पडली. त्यानं पेटी डोक्यावर घेतली. दारात अडकला तेव्हा मी मागून पेटीला हात लावून ती आत ढकलली. का ढकलली ते मला अजून सांगता येत नाही.

कंडक्टरनं घंटी मारली. खिडकीत त्याचा चेहरा दिसला नाही, तो पलीकडच्या बाजूला बसला असावा. गाडी सुटली. मी तिच्याबरोबर चालायला लागलो, मग भरभर, मग थांब्याच्या टोकापर्यंत जवळजवळ धावतच, कारण अजून बोलायचं होतं. वळणावर गाडी माझ्यापुढं निघून गेली.

पलीकडच्या वाडीवरचा एक माणूस रस्त्याच्या कडेला उभा होता. त्याच्या पाठीवर बाजाराचं ओझं होतं. त्यानं विचारलं, “लाँच उद्या हाय का?”

“नाही,” मी म्हणालो.

“परवा?”

मी वळणाकडं बघत राहिलो. त्यानं पाठीवरचं ओझं सारखं केलं. मग डोंगराच्या वळशाच्या वाटेला लागला.